पूर येण्याआधी इशाऱ्याचीच परीक्षा घ्या

सावित्रीकाठच्या आणि रायगड किनाऱ्यावरच्या तरुणांनी समजून घ्यावे असे एक तंत्र

२२ जुलै २०२१. महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. डोंगराच्या पश्चिम उतारावरचे पाणी सावित्रीत उतरले आणि महाड शहर बुडाले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. रस्ते बंद, वीज नाही, फोन लागत नाहीत, अशा अवस्थेत तालुका जगापासून तुटला होता.

अशी आपत्ती आली की आपण दोन प्रश्न विचारतो. मदत कधी पोहोचली? नुकसानभरपाई कोणाला मिळाली? दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. पण तिसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही: इशारा देणारी यंत्रणा त्या दिवसाआधी कधी तपासून पाहिली होती का? म्हणजे, “एवढा पाऊस पडला तर आपली यंत्रणा वेळेवर बोलेल का?” याची परीक्षा कोणी घेतली होती का?

ही परीक्षा घेण्याचे एक ठरलेले तंत्र आहे. पूर-अंदाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला स्वयंचलित वर्कफ्लो चाचणी म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. ती आपल्याला कळली पाहिजे, कारण या परीक्षेचा पेपर कोण काढतो यावर कोणती वाडी वाचणार हे काही अंशी ठरते.

वर्कफ्लो म्हणजे काय?

पुराचा अंदाज एका यंत्रातून बाहेर पडत नाही. ती कामांची साखळी असते. पर्जन्यमापकांचे आकडे येतात. हवामान विभागाचा पुढच्या दिवसांचा पाऊस-अंदाज येतो. समुद्राच्या भरतीची वेळ आणि उंची येते. हे सगळे आकडे तपासून एका साच्यात बसवले जातात. मग नदीचे गणिती मॉडेल चालते आणि पाण्याची पातळी काढते. ती पातळी इशारा पातळीशी ताडून पाहिली जाते. शेवटी बुलेटिन तयार होऊन नियंत्रण कक्षाकडे जाते. एकामागून एक ठरलेल्या क्रमाने चालणाऱ्या या कामांच्या साखळीला वर्कफ्लो म्हणतात.

जगात अशा कामासाठी वापरली जाणारी एक प्रसिद्ध प्रणाली म्हणजे नेदरलँड्समधील डेल्टारेस संस्थेची डेल्फ्ट-फ्यूज. ती स्वतः नदीचे मॉडेल नाही. वेगवेगळी मॉडेल्स आणि आकडे एकत्र जोडणारा तो सांगाडा आहे. कोणते काम कोणत्या क्रमाने करायचे, हे त्यात एक्सएमएल फाइलींमध्ये लिहून ठेवतात. आपल्या शेजारी मुंबईसाठी जून २०२० मध्ये ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूर-इशारा प्रणाली सुरू झाली. तिचे सात भाग आहेत. आकडे गोळा करणे, पूर काढणे, कोणता भाग पाण्याखाली जाईल हे दाखवणे, असे करत शेवटी इशारा पोहोचवणे आणि निर्णयाला मदत करणे. नावे वेगळी असली तरी पद्धत एकच आहे. आधी आकडा, मग मॉडेल, मग इशारा.

साखळीचा दोष असा की एक कडी तुटली की पुढचे सगळे फुकट जाते. कधी कधी कडी तुटल्याचे कळतही नाही. संगणक लाल दिवा दाखवत नाही, तो शांतपणे चुकीचा आकडा पुढे पाठवतो. म्हणून चाचणी लागते.

चाचणी कशी मांडतात?

समजा, सावित्रीसाठी अशी एक प्रणाली उभी करायची आहे. तिची चाचणी मांडताना सहा गोष्टी लिहाव्या लागतात.

पहिली: कोणता वर्कफ्लो तपासायचा. सगळी साखळी एकदम तपासता येते, किंवा फक्त पाऊस आत घेण्याचा भाग, फक्त मॉडेलचा भाग, फक्त इशाऱ्याचा भाग असे तुकडे करता येतात. तुकडे केले तर चूक नेमकी कुठे आहे ते लवकर सापडते. पण शेवटी एकदा अखंड साखळी चालवून पाहावीच लागते.

दुसरी: कोणती वेळ ‘आत्ता’ मानायची. अंदाजाच्या भाषेत तिला टी-झिरो म्हणतात. चाचणीत संगणकाला सांगतात, “आज २२ जुलै २०२१ आहे, सकाळचे साडेआठ वाजले आहेत.” म्हणजे चाचणी कधीही चालवली तरी घड्याळ तिथेच थांबलेले असते.

तिसरी: गोठवलेले आकडे. त्या दिवशी त्या वेळेपर्यंत जेवढी माहिती हातात होती, तेवढीच एका फोल्डरमध्ये ठेवायची. नंतर कळलेला पाऊस त्यात मिसळला तर ती परीक्षा राहत नाही, कॉपी होते.

चौथी: अपेक्षित उत्तर. साखळीच्या शेवटी काय बाहेर पडले पाहिजे ते आधीच लिहून ठेवायचे. महाडला पातळी किती, इशारा कोणता, तो कोणाच्या नावे निघाला.

पाचवी: सहनमर्यादा. दोन संगणकांची आकडेमोड दशांश चिन्हानंतर थोडी वेगळी येऊ शकते. म्हणून “एक सेंटिमीटरपर्यंत फरक चालेल” असे सांगावे लागते. मर्यादा फार सैल ठेवली तर खरी चूक सुटते, फार घट्ट ठेवली तर रोज खोटी ओरड होते.

सहावी: चाचणी केव्हा चालवायची. मॉडेल बदलले, नवा पर्जन्यमापक जोडला, सर्व्हर बदलला, एखाद्या फाइलीत एक ओळ जरी बदलली, तरी चाचणी आपोआप चालली पाहिजे. माणसाच्या आठवणीवर सोडली की ती राहून जाते. ‘स्वयंचलित’ शब्दाचा अर्थ एवढाच.

आता सहनमर्यादेतला एक डाव पाहा. महाडला सावित्रीची इशारा पातळी ६.०० मीटर आणि धोका पातळी ६.५० मीटर धरली जाते. अपेक्षित उत्तर ६.००४ मीटर आहे आणि बदलानंतर उत्तर ५.९९६ आले. फरक एका सेंटिमीटरपेक्षा कमी, म्हणून चाचणी पास! पण पहिल्या उत्तरात इशारा निघत होता, दुसऱ्यात निघाला नाही. म्हणून पातळीचा आकडा आणि ‘इशारा निघाला की नाही’ हे उत्तर, दोन्ही स्वतंत्रपणे तपासावे लागतात.

कोणत्या दिवसांवर परीक्षा घ्यायची?

साध्या पावसाच्या दिवसावर घेतलेली परीक्षा म्हणजे पोहता येते का हे पायरीवर उभे राहून सांगण्यासारखे. रायगडकडे कठीण प्रश्नपत्रिका भरपूर आहेत. जुलै २००५ चा पाऊस, ज्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण येथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र, जेव्हा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल एसटी गाड्यांसह वाहून गेला. २२ जुलै २०२१. आणि किनाऱ्यासाठी ३ जून २०२०, ज्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या बागा आडव्या झाल्या. असा प्रत्येक दिवस एकेक चाचणी म्हणून कायमचा जपून ठेवायचा.

पण नुसते जुने दिवस पुरत नाहीत. मुद्दाम बिघाड करूनही पाहावे लागते. कोकणासाठी चार बिघाड महत्त्वाचे आहेत.

एक, आकडा आलाच नाही. सगळ्यात जास्त पाऊस पडतो तेव्हाच पर्जन्यमापकाची वीज जाते, मोबाइल टॉवर बंद पडतो. ‘आकडा नाही’ आणि ‘पाऊस शून्य’ या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. साखळीत कुठेतरी रिकाम्या जागी शून्य भरले गेले, तर मॉडेल समजेल की डोंगरावर कोरडे ऊन पडले आहे. चाचणीत महाबळेश्वर आणि पोलादपूरचे आकडे मुद्दाम काढून टाकायचे. अपेक्षित उत्तर असे लिहायचे: “माहिती तुटली आहे, नियंत्रण कक्षाला लगेच कळवा.” गप्प राहणे हे नापास उत्तर.

जर्मनीत हेच घडले. महाडच्या पुराच्या आठवडाभर आधी, १४ आणि १५ जुलै २०२१ ला, त्या देशात आलेल्या पुरात १८० हून अधिक लोक मेले. आर नदीवरचे आल्टेनार येथील पाणी मोजणारे केंद्र पुरातच वाहून गेले. श्रीमंत देशातही मोजपट्टी नेमक्या वेळी नाहीशी होते. दोष मोजपट्टीचा नसतो. ती नसताना काय करायचे हे आधी ठरवलेले नसते, तिथे घात होतो.

दोन, अर्ध्या तासाची चूक. जगभरचे अंदाज जागतिक वेळेत येतात आणि भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. आपल्याकडे २४ तासांचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतात, म्हणजे जागतिक वेळेत पहाटे तीन. एखाद्या फाइलीत साडेपाचऐवजी पाच लिहिले गेले की पाऊस आणि भरती यांचा मेळ अर्ध्या तासाने चुकतो. ज्या नद्या डोंगरातून उतरून लगेच खाडीला मिळतात, तिथे अर्धा तास म्हणजे सामान वर चढवण्याचा वेळ.

तीन, भरती. महाडपर्यंत खाडीच्या पाण्याचा परिणाम पोहोचतो. उधाणाची भरती असेल तर पुराचे पाणी उतरायला जागा नसते; भांगाच्या दिवसांत तोच पाऊस वेगळे वागतो. २४ जुलै २०२१ ला आषाढ पौर्णिमा होती. वर्षावासाची ही पौर्णिमा आपल्या विहारांत सगळ्यांच्या लक्षात असते. महाडचा पूर त्या पौर्णिमेच्या दोन दिवस आधीचा, म्हणजे उधाण चढत असतानाचा. म्हणून एकच पाऊस एकदा उधाणात आणि एकदा भांगात टाकून दोन्ही उत्तरे तपासली पाहिजेत. आणखी एक खाच म्हणजे भरतीची उंची ज्या शून्यापासून मोजतात आणि नदीची पातळी ज्या शून्यापासून मोजतात, ती दोन शून्ये एक नसतात. ती जुळवली आहेत का, हेही चाचणीच दाखवते.

चार, खोटा इशारा. चाचणी खऱ्या प्रणालीवर कधीच चालवू नये, तिच्या वेगळ्या प्रतीवर चालवावी. १३ जानेवारी २०१८ ला अमेरिकेतल्या हवाई बेटांवर सरावाच्या वेळी क्षेपणास्त्र हल्ल्याचा इशारा खरोखरच लोकांच्या फोनवर गेला. तो खोटा असल्याचा संदेश यायला ३८ मिनिटे लागली. एकदा खोटी आरोळी ऐकलेला माणूस खऱ्या आरोळीला उठत नाही.

हिरवा दिवा म्हणजे सत्य नव्हे

इथे एक गैरसमज दूर करू. वर्कफ्लो चाचणी पास झाली म्हणजे अंदाज बरोबर आहे, असे नाही. चाचणी एवढेच सांगते की यंत्रणा ठरवल्याप्रमाणे चालली. ठरवलेलेच अपुरे असेल तर अपुरेपणाही हिरव्या दिव्याखाली पास होतो. अंदाज प्रत्यक्ष पाण्याशी किती जुळला, हा हिशोब वेगळा आणि तो प्रत्येक पावसाळ्यानंतर मांडावा लागतो. आणखी एक वाईट सवय सगळीकडे आढळते. चाचणी नापास झाली की कारण न शोधता अपेक्षित उत्तरच बदलायचे. विद्यार्थी नापास झाला म्हणून उत्तरपत्रिकेची किल्ली बदलण्यासारखे ते आहे. अपेक्षित उत्तर बदलायचे असेल तर कोणी, केव्हा, का बदलले याची नोंद राहिली पाहिजे.

अपेक्षित उत्तरात आपली वाडी आहे का?

आता मुख्य मुद्दा. प्रणालीत ठिकाणांची एक यादी असते. कोणत्या पातळीला कोणत्या ठिकाणी पाणी शिरते आणि कोणाला कळवायचे, हे त्या यादीवरून ठरते. यादी बहुधा महसुली गावांवरून बनते. पण कोकणातले गाव एका जागी नसते. गावठाण एकीकडे, कोळीवाडा खाडीला, मोहल्ला पलीकडे, आदिवासीवाडी डोंगरात आणि बौद्धवाडी आणखी कुठेतरी. कुठे ती नदीकाठी आहे, कुठे दरडीखाली, कुठे उंचावर. एकाच गावाच्या दोन वाड्यांच्या उंचीत कित्येक मीटरचा फरक असतो. गावाच्या नावापुढे एकच उंची लिहिली, आणि ती मुख्य गावठाणाची असली, तर सखल वाडीत पाणी शिरल्यावरही संगणक म्हणेल, “गाव सुरक्षित आहे.”

अशा यादीवर चाचणी घेतली तर ती पास होईल. प्रत्येक वेळी पास होईल. कारण जे नाव यादीतच नाही ते चुकल्याचे कोणतीही चाचणी दाखवू शकत नाही. यात कोणी मुद्दाम कट केला असे म्हणण्याची गरज नाही. यादी करणाऱ्याने गावातल्या ज्या माणसांना विचारले, त्यांनी आपापली घरे सांगितली. विचारले गेले नाहीत ते राहिले. वगळले जाण्याची ही जुनी रीत आहे, फक्त आता ती फाइलीत बसली आहे.

म्हणून अपेक्षित उत्तर लिहिण्याचे काम एकट्या अभियंत्याचे नाही. २०२१ मध्ये आपल्या वाडीत पाणी कोणत्या घराच्या कोणत्या पायरीला, किती वाजता लागले, हे वाडीतल्या आजीला माहीत असते. भिंतीवरची पाण्याची खूण, मोबाइलमधल्या फोटोवरची वेळ, विहाराच्या ओट्यापर्यंत आलेले पाणी हे सगळे चाचणीसाठी पुरावे आहेत. ते लिहून, नकाशावर दाखवून दिले तर अभियंता त्यावरून अपेक्षित उत्तर बनवू शकतो. न दिले तर तो अंदाजाने बनवील.

शेवटची कडी

साखळीची शेवटची कडी संगणकात नसते. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने अनेकांच्या फोनवर मोठ्या आवाजात वाजणारे चाचणी-संदेश पाठवले होते. पुष्कळ जण घाबरले, काहींनी हसण्यावारी नेले. ती शेवटच्या कडीचीच चाचणी होती. पण निसर्ग वादळानंतर किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज आणि नेटवर्क नव्हते, हे विसरून चालणार नाही. फोन बंद असताना इशारा कसा पोहोचेल? मंदिराचा, मशिदीचा, विहाराचा भोंगा बॅटरीवर चालतो का? रात्री दोन वाजता दार ठोठावणारी माणसे ठरली आहेत का? ही परीक्षा संगणक घेऊ शकत नाही. ती वाडीतल्या तरुणांनी घ्यायची आहे. पावसाआधी एका संध्याकाळी एक निरोप सोडा, शेवटच्या घरात तो किती मिनिटांत पोहोचला ते घड्याळ लावून मोजा, आणि कोणाला पोहोचलाच नाही त्याची यादी करा. पुढच्या वर्षी पुन्हा मोजा.

हा विषय आपलाच आहे

कोणी म्हणेल, सॉफ्टवेअरच्या चाचण्यांशी चळवळीचा काय संबंध? महाडात १९२७ साली प्रश्न पाण्याचाच होता: सार्वजनिक पाण्यावर हक्क कोणाचा? पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री असताना बाबासाहेबांकडे पाटबंधारे आणि विजेचेही खाते होते. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्याच काळात आकाराला आली आणि १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. तोच आजचा केंद्रीय जल आयोग. याच आयोगाने १९५८ मध्ये दिल्लीत यमुनेवर पूर-अंदाजाचे काम सुरू केले. पाण्याचे शास्त्र आणि पाण्यावरचा हक्क बाबासाहेबांनी वेगवेगळे मानले नाहीत. चवदार तळ्याच्या गावाला बुडवणाऱ्या पाण्याचा इशाराही सार्वजनिकच आहे. तो सगळ्यांना सारखा मिळाला पाहिजे.

कायदाही बाजूला आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ३१ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असतो आणि त्याचा दरवर्षी आढावा घ्यावा लागतो. कलम ६१ प्रमाणे भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश, धर्म यांवरून भेदभाव करता येत नाही. भेदभाव मदतीत दिसतो, तसा तो मदतीच्या आधीच्या यादीतही लपलेला असू शकतो, हे लक्षात ठेवू.

आता काय करायचे?

मे महिन्याआधी जिल्हा आराखड्याची प्रत मिळवा आणि त्यात आपल्या वाडीचे नाव शोधा. गावाचे नाही, वाडीचे.

माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे, शुल्क १० रुपये. म्हणून प्रश्न नेमके ठेवा. आमच्या नदीसाठी कोणती पूर-अंदाज प्रणाली वापरली जाते? तिची शेवटची चाचणी केव्हा झाली? कोणत्या जुन्या पुरावर झाली? पर्जन्यमापक बंद पडल्यास काय करायचे हे लिहिलेले आहे का? इशारा ज्या ठिकाणांना जातो त्यांची यादी द्या.

ग्रामसभेत ठराव मांडा: वाडीनिहाय उंची आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा नोंदवून तहसील कार्यालयाला द्याव्यात.

आणि जे शिकत आहेत त्यांनी हे तंत्र शिका. माणगाव तालुक्यात लोणेरे येथे बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ महामार्गालगत उभे आहे. महाड तिथून जवळच आहे. स्थापत्य आणि संगणक शाखेच्या मुलामुलींनी अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून एका छोट्या नदीचा वर्कफ्लो आणि त्याच्या दहा चाचण्या मांडल्या, तर जिल्ह्याला त्याचा खरा उपयोग होईल. डेल्फ्ट-फ्यूज विनामूल्य वापरता येते, आणि नुसत्या पायथनमध्येही साखळी आणि चाचणी दोन्ही शिकता येतात. नोकरी मिळेल ती मिळेलच. पण यादी बनवणाऱ्यांच्या टेबलाशी आपला एक माणूस बसला, तर बौद्धवाडी, कातकरीवाडी, कोळीवाडा ही नावे लिहायची राहणार नाहीत.

नदी परीक्षा घ्यायला येतेच. ती जुलैत येण्याआधी, मे महिन्यात, आपण इशाऱ्याची परीक्षा घेऊ.